एका छपराखाली दोन चुली

‘फेकून द्या’ हा सल्ला हल्ली फुकट मिळतो, आणि फुकट मिळतो म्हणूनच ढिगानं मिळतो. आमच्या लहानपणी घरातून फेकून देण्याजोगी वस्तू म्हणजे मांजरानं आणलेला उंदीर, एवढीच. बाकी जे काही एकदा उंबरठ्याच्या आत आलं, ते पूर्ण सेवा बजावून, वर पेन्शन खाऊन मगच जायचं. सोलापुरी चादरीचंच पाहा ना. पहिली दहा वर्षं ती पाहुण्यांच्या अंगावर, पुढची दहा घरच्यांच्या अंगावर, मग गादीखाली, मग इस्त्रीच्या टेबलावर आणि सरतेशेवटी स्कूटर पुसायला. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या विणीमुळे. माझ्या हातात असतं तर मी ते तिच्या चिवटपणाला दिलं असतं.

असल्या गावात राहून मला एका इसमानं सांगितलं, की चौदा-पंधरा वर्षांचा, चांगला चालता-बोलता संगणक फेकून द्या. म्हणून हा लेखनप्रपंच. ज्यांना नवीन वस्तू विकायच्या आहेत त्यांनी तो वाचला नाही तरी चालेल.

मामला असा आहे. आमच्या घरात दोन संगणक. एक २०११ साली घेतलेला डेस्कटॉप, तो आतल्या खोलीत एका जागी बसून असतो. दुसरा कन्येच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप, तो लाडावलेल्या नातवासारखा कायम कुणाच्या तरी मांडीवर. दोघांत अंतर फार तर पंधरा फूट. मधे एक विटांची भिंत आणि देव्हारा. दोघे एकाच मीटरवर जेवतात, एकाच राउटरचं पाणी पितात, पण एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत. भाऊबंदकी झालेल्या घरात एका छपराखाली दोन चुली असाव्यात, तसा प्रकार. डेस्कटॉपवरचा एखादा कागद लॅपटॉपवर हवा असेल तर तो स्वतःच स्वतःला ई-मेलनं पाठवायचा. म्हणजे तो कागद आमच्या आतल्या खोलीतून निघणार, सात रस्त्यावरून गावाबाहेर पडणार, कुठल्या तरी परमुलखातल्या गोदामात उतरणार, आणि तिथून माघारी फिरून देव्हाऱ्याच्या पलीकडे प्रकटणार. माजघरातून ओसरीवर यायला वाटेत काशीयात्रा!

यावर जाणकार मंडळी मान हलवून सांगतात, ‘त्याचं काय आहे, जुन्या-नव्याची भाषा जमत नाही.’ हे वाक्य पुण्यात खपेल. सोलापुरात नाही. आमच्याकडे मंडईत मराठीत सुरू झालेली घासाघीस कानडीत रंगते, तेलुगूत चिघळते आणि उर्दूत मिटते, आणि तरीही शेवटी कोथिंबिरीची काडी पदरात पडतेच. चार भाषांचं हे गाव शेकडो वर्षं एका बाजारात नांदतंय, आणि एकाच कंपनीची भाषा बोलणारी दोन यंत्रं पंधरा फुटांवरून एकमेकांना ओळखत नाहीत? ही भाषेची अडचण नव्हे. ही बोलायची इच्छा नसण्याची अडचण आहे, आणि ती यंत्रांची नसून यंत्रं विकणाऱ्यांची आहे.

हा प्रश्न घेऊन मी गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तिथून एक माउस उधारीवर आणलेला आहे.

‘‘किती सालचा?’’ तिथल्या तरुणानं विचारलं.

‘‘२०११.’’

त्यानं पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेताना डॉक्टर करतात तसा चेहरा केला. ‘‘साहेब, फेकून द्या.’’

‘‘अहो, चालतोय की!’’

‘‘चालतोय हो. पण चालून करणार काय?’’

आता हाच प्रश्न सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरणाऱ्या पेन्शनर मंडळींना कोणी विचारला, तर काठ्या पाठीत बसतील. चालतोय तो कुठे तरी जाण्यासाठीच चालला पाहिजे, ही अट कुठल्या शास्त्रात आहे? माझा डेस्कटॉप पत्रं लिहितो, हिशेब ठेवतो, फोटो दाखवतो, जुनी गाणी वाजवतो. आमच्या घरातल्या कुठल्याही एका माणसाकडून एवढी कामं होत नाहीत. पण नाही. दुकानदाराच्या लेखी यंत्राला दोनच अवस्था: नवीन आणि भंगार. मधलं वय म्हणून काही असतं, हे त्याला चाळिशी लागली की कळेल.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. (पदवी शिवाजी विद्यापीठाची, कारण सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झालं, आणि तेवढा वेळ नापास होत थांबणं घरात कुणाला पसंत नव्हतं.) बी.कॉम.ला दोन गोष्टी पक्क्या कळतात: नावे-जमा आणि घसारा. घटत्या शिलकेवर घसारा लावला, तर वस्तूची किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. ही या पद्धतीतली माणुसकी. माझा डेस्कटॉप २८,००० रुपयांचा. त्यावर दरसाल ४० टक्के असा घसघशीत घसारा लावला, तरी १४ वर्षांनंतर वहीत २२ रुपये शिल्लक राहतात. बावीस का होईनात, पण शिल्लक! गणितानं ज्याला जिवंत ठेवलं त्याला शून्य ठरवणारा हा दुकानदार कोण?

पण खरी किंमत त्या वहीत नाही, त्या डब्याच्या पोटात आहे. आमचे आप्पा गिरणीत होते. २०१२ साली एका दुपारी मी त्यांना संगणकासमोर बसवलं, माइक लावला आणि म्हणालो, ‘‘आप्पा, गिरणीच्या दिवसांबद्दल सांगा.’’ ते सुरुवातीला लाजले. मग चाळीस मिनिटं बोलले. पहाटेचा भोंगा, त्या भोंग्यावर गावानं लावलेली घड्याळं, खात्यातला कापसाचा धूर, पगाराच्या दिवशी गेटबाहेर उभे राहणारे सावकार, सगळं. मधेच आईनं ‘चहा घेता का?’ म्हणून विचारलेलंही त्यात आहे. आज ती दोघंही नाहीत. भोंगा तर कधीच बंद झाला. तो चाळीस मिनिटांचा आवाज फक्त त्या ‘फेकून द्या’ डब्यात आहे, आणि चकती फिरणारी हार्ड डिस्क माणसासारखीच असते, आगाऊ नोटीस न देता जाते. तेव्हा तो आवाज लॅपटॉपवर नेणं ही माझी चैन नव्हती. आमच्या कॅशियरनं असंच कुणाचं तरी ऐकून जुना संगणक भंगारवाल्याला दिला. मुलीचे बालवाडीपासूनचे फोटो त्यात गेले, आणि त्यांच्याबरोबर पॅन कार्डाची आणि पासबुकाची प्रतही. फोटो परत येत नाहीत, आणि कागद कुणाच्या हाती लागले ते कळत नाही. ही ‘फेकून द्या’ची खरी किंमत. ती बिलावर छापत नाहीत.

इथे दुसरा पंथ पुढे सरसावतो. त्याचे प्रचारक सहसा भाचे असतात. आमचा भाचा म्हणाला, ‘‘मामा, कशाला वायरी ओढताय? क्लाउडवर टाका ना!’’

‘‘म्हणजे कुठे?’’

‘‘वर.’’

वर म्हणजे कुठे हे आप्पांच्या बाबतीत मला ठाऊक आहे, पण त्यांचा आवाजही तिकडेच पाठवायचा? अहो, या क्लाउडचं दुकान मी बँकवाल्याच्या नजरेनं तपासलेलं आहे. कोणी ५ जीबी फुकट देतं, कोणी १५. तेवढ्यात माणसाची सवय होते, आणि मग दरमहा भाडं सुरू. आमच्या बँकेच्या लॉकरलाही भाडं असतं, पण एक किल्ली ग्राहकाच्या खिशात राहते. इथे लॉकर त्यांचा, दोन्ही किल्ल्या त्यांच्या, अटी त्यांच्या, आणि भाडं तेवढं माझं! शिवाय वेळेचा हिशेब करा. माझ्याकडे ६० जीबीचा ऐवज. वर चढवायचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला तर तेरा तासांहून जास्त लागतात, आणि पुन्हा लॅपटॉपवर उतरवायचा वेळ वेगळा. हेच काम जुन्या डेस्कटॉपला साधी वायर लावून १०० मेगाबिटनं केलं तर दीड तासाच्या आसपास. रात्री जेवायला बसताना लावलं, की पानसुपारीपर्यंत संपतं.

ही वायरही समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घालून. पीळ अशासाठी, की शेजारच्या तारेची कुजबुज हिच्यात मिसळू नये. सुताच्या गावात पिळाचं महत्त्व मी काय सांगावं? या सगळ्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिची कल्पना १९७३ साली मांडली. पीळदार तारांवर ती चालवायचं मानक १९९० साली आलं, आणि त्या काळचा तोच चौकोनी प्लग आजच्या राउटरमध्ये ‘टक’ असा आवाज करून बसतो. मोबाइलचे चार्जर दर तीन वर्षांनी पिन बदलत होते, तेव्हा हा प्लग एका जागी इमानानं उभा होता. एक तार १०० मीटरपर्यंत काम देते. आमचं घर सरदारवाडा नसल्यामुळे तेवढी लागली नाही.

तर वायर देव्हाऱ्यावरून, दाराच्या चौकटीला खिळे मारून नेली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, देवाच्या डोक्यावरून काय नेताय?’’ मी म्हटलं, ‘‘आप्पांचा आवाज जाणार आहे तीमधून.’’ मग त्यांनीच स्टूल धरलं.

पुढचं काम कारकुनी आहे, म्हणजे माझ्या हातचं. (कारकून म्हणू नये म्हणे आता. २०२४ च्या वेतन करारानं आम्ही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो. स्टूल मात्र तेच आहे.) राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. हे पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेले असल्यामुळे तुमच्या घरातला पत्ता आणि शेजाऱ्यांच्या घरातला पत्ता अगदी एक असू शकतो, आणि तरीही टपाल चुकत नाही, कारण ते उंबरठ्याबाहेर जातच नाही. एका यंत्रावरून दुसऱ्याच्या पत्त्यावर हाक मारायची सोय असते, तिला ‘पिंग’ म्हणतात. हाकेला ओ आली, की निम्मं काम झालं. ओ आली नाही, तर समोरचा बहिरा आहे असं समजू नये. दारावरचा फायरवॉल नावाचा गुरखा हाक आत जाऊ देत नसेल.

बाकीचे अडथळे मोजकेच, पण नेमके तेच कोणी सांगत नाही. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर हवीत, आणि लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर नको, कारण ती पाहुण्यांची बैठक आहे. तिथल्या माणसाला स्वयंपाकघर दाखवत नाहीत. लॅपटॉपला हे जाळं ‘खासगी’ आहे असं सांगावं लागतं. ‘सार्वजनिक’ म्हणून नोंद असेल तर तो एस.टी. स्टँडवर बसलेल्या सोवळ्या माणसासारखा अंग चोरून घेतो. आणि सगळ्यांत मोठी गोम म्हणजे पासवर्ड. घरच्या यंत्राला कशाला कुलूप, म्हणून पुष्कळ लोक डेस्कटॉप बिनपासवर्डाचा ठेवतात. विंडोजचा नियम असा, की बिनपासवर्डाच्या खात्यात समोर बसून खुशाल शिरा, पण जाळ्यातून शिरता येणार नाही. पासवर्ड ठेवा, फोल्डर वाटायला काढा, लॅपटॉपवर दोन उलट्या तिरक्या रेघा मारून डेस्कटॉपचा पत्ता लिहा, नाव-पासवर्ड द्या, की दार उघडतं. एवढ्यासाठी २८,००० चा डबा फेकायचा होता!

आणि हे अवघड कुणी केलं? २००९ साली विंडोज ७ बरोबर ‘होमग्रुप’ नावाची सोय आली. घराला एक पासवर्ड, तो सगळ्या यंत्रांना सांगायचा, की झालं एकत्र कुटुंब. फोटो, गाणी, प्रिंटर, सगळं सामाईक. २०१८ साली विंडोज १० मधून ती सोय काढून टाकली. म्हणजे आधी स्वतःच सोयरीक जुळवायची आणि नऊ वर्षांनी स्वतःच मोडायची, आणि वर ‘फाइली क्लाउडवर ठेवा’ असा आहेर! मग २०२१ साली विंडोज ११ आली, आणि तिनं सुरक्षेची टीपीएम २.० ही चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर नसेल त्याला पंगतीत पान नाही असं जाहीर केलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. वर्षभराची मुदतवाढ ठेवली आहे, पण मुदतवाढ म्हणजे काय हे कर्जखाती सांभाळणाऱ्याला विचारा. नोटीस तयारच असते.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे, नाही तर युनियनच्या सभेत आणि या लेखात फरक काय? जुनं यंत्र इंटरनेटवर मोकळं सोडणं धोक्याचं आहे, हे शंभर टक्के खरं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त संगणक धरले. ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं त्यात अडकली. तो शिरला तो फाइली वाटून घेण्याच्या ‘एसएमबी’ नावाच्या बोलीतल्या एका भोकातून. ठिगळ मार्चमध्येच दिलेलं होतं, ज्यांनी लावलं नाही ते सापडले. म्हणून त्या बोलीची पहिली, खिळखिळी आवृत्ती पुढे नव्या विंडोजमध्ये आपसूक बंद ठेवलेली असते, आणि ती तशीच बंद राहू द्यावी. याबद्दल माझी तक्रार नाही.

पण यावर उपाय भंगार नव्हे. म्हाताऱ्या माणसाला रात्री हायवेवर चालायला पाठवत नाहीत, म्हणून त्याला घराबाहेर काढत नाहीत. घरात बसवतात. कित्येक राउटरमध्ये अमुक यंत्राला बाहेरचं इंटरनेट बंद, घरातलं जाळं चालू, अशी सोय असते. माझा डेस्कटॉप त्याच पथ्यावर आहे. बँकेचे व्यवहार, ई-मेल, बाहेरची उठाठेव लॅपटॉपनं करावी. डेस्कटॉपनं घरातल्यांशी बोलावं. विजेचं म्हणाल तर तो दिवसभर लावून ठेवायचा नसतो, हवा तेव्हा लावायचा. आणि अगदीच जुना असेल, तर त्याच्यावर लिनक्स घालता येतं, तेही फुकट.

लिनक्सवाला आणि विंडोजवाला एकमेकांशी कसे बोलणार, अशी शंका येईल. तिचं उत्तर एका विद्यार्थ्यानं देऊन ठेवलं आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा संशोधक विद्यार्थी होता. १९९१ च्या अखेरीस त्याच्यापुढे हीच पीडा: एक आपला पीसी आणि एक परजातीचं यंत्र, दोघांची बोलाचाली नाही. कुणी कंपनी मदतीला येईना. त्यानं काय केलं, तारेवरून यंत्रं आपसात काय बोलतात ते कान देऊन ऐकलं, आणि त्यावरून ती बोली शिकून स्वतःचा प्रोग्राम लिहिला. १९९२ साली तो लोकांना फुकट वाटला. पुढे नाव ठेवायची वेळ आली तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द त्यानं शब्दकोशातून शोधले, आणि ‘सांबा’ हाती लागला. ‘शोले’तला सांबा खडकावर बसून फारच थोडं बोलला. हा सांबा तीस वर्षांहून जास्त काळ दोन परक्या यंत्रांमध्ये दुभाष्याचं काम करतोय. एका विद्यार्थ्याला जे साधलं ते अब्जाधीश कंपन्यांना साधत नाही, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. त्यांना साधतं, पण परवडत नाही.

आम्हा बँकवाल्यांना संगणकाचे शत्रू म्हणून बरंच ऐकून घ्यावं लागलेलं आहे. एके काळी आमच्या संघटनांनी यंत्राला विरोध केला, १९८३ साली करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू यंत्र शाखेत आलं. पण एकदा आलं त्याला आम्ही कसं वागवलं पाहा. पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून कित्येक शाखांत करकरत बसलाय, आणि देशभरच्या शाखांना जोडणाऱ्या नव्याकोऱ्या व्यवस्थेशी तो निमूट बोलतो. बँकेत जुन्या-नव्याचं जमतं, कारण तिथे जमवायचं असं ठरलेलं असतं.

सरकारलाही हे उमजू लागलेलं दिसतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक खात्यानं एक पोर्टल उघडलं. हक्क आहे म्हटल्यावर मागणीपत्रक आलंच. ते मी तयार ठेवलं आहे. एक, यंत्र विकताना ते किती वर्षं सांभाळणार ते साल डब्यावर छापावं, बिस्किटाच्या पुड्यावर छापतात तसं. दोन, पाठिंबा बंद करायचा तर खुशाल करा, पण जाताना दोन यंत्रं जोडायची साधी रीत घरच्या भाषेत लिहून द्या. मराठीत दिलीत तर पुढचं कानडी-तेलुगू आम्ही बघून घेऊ. तीन, ‘फेकून द्या’ म्हणणाऱ्या दुकानदारानं आधी ‘आत काय आहे?’ असं विचारावं. हा प्रश्न भंगारवालासुद्धा विचारतो, तराजूत घालण्याआधी.

मागण्या मान्य होईपर्यंत आमचं आंदोलन सनदशीर मार्गानं चालू राहील. आप्पांचा आवाज आता दोन ठिकाणी आहे. आईचा ‘चहा घेता का?’ सुद्धा. आणि दाराच्या चौकटीवरून गेलेली ती पांढरी वायर तशीच राहणार. तिच्यावर अधूनमधून कोणी तरी ओला टॉवेल वाळत घालतं, पण टॉवेलही सोलापुरीच असल्यामुळे मी काही बोलत नाही.